तळव्यावरचा डाग काढला. आता रक्तात काय शोधायचं?

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर थंडीतल्या सकाळी जाऊन बसलात, तर एरवी कुठे सहसा न दिसणारी गोष्ट दिसते: माणसांचे तळवे. बावन्न पायऱ्या चढून वज्रेश्वरी देवीचं दर्शन झालं, की लोक तानसा नदीच्या काठाकडे वळतात, कुंडाच्या कडेला टेकतात, पाय पाण्यात सोडतात आणि चटका बसला की झटकन वर उचलतात. तेवढ्यात समोरच्याला तळवा पुरता दिसून जातो. चिखलणी करून पडलेल्या भेगा, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, टाचेखालचं कुरूप, लग्नातल्या मेंदीचा उरलेला रंग. इथल्या गंधकाच्या वासाच्या पाण्यानं कातडीचे रोग जातात ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची, त्यामुळे कातडीचं काही ना काही दुखणं असलेली माणसंच इथे जास्त. आणि क्वचित, फार क्वचित, एखाद्या टाचेवर शाई सांडल्यासारखा वेड्यावाकड्या कडांचा काळा डाग असतो. घरचे म्हणत असतात, 'काटा मोडला होता, तिथे काळं पडलंय.'

हा लेख त्या डागाच्या पुढच्या टप्प्याचा आहे. डाग ओळखला गेला, बायोप्सीत मेलॅनोमा निघाला, शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले. घरी परतलेला रुग्ण आणि त्याच्या घरचे मग एकच विचारतात: परत येईल का? आणि येणार असेल तर रक्त तपासून आधी कळेल का? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला खरोखरच काही उत्तरं मिळू लागली आहेत. पण ती ज्या रुग्णांवरून मिळाली त्यांचा मेलॅनोमा आणि आपल्याकडचा तळव्यावरचा मेलॅनोमा हे एकाच आडनावाचे दोन भाऊ आहेत, स्वभाव वेगळे. तो फरक ध्यानात न घेता रक्त दिलंत, तर पैसे जातील आणि वर खोटा धीर मिळेल.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. ऑस्ट्रेलियात दर लाख माणसांमागे वर्षाला तीसहून अधिक लोकांना तो होतो, भारतात लाखात एकालाही नाही. गोऱ्या कातडीला ऊन सोसत नाही म्हणून तिकडे तो पाठीवर, पायांवर, चेहऱ्यावर उगवतो. आपल्याकडे मात्र तो जिथे ऊन पोचत नाही अशा जागा निवडतो: तळवा, तळहात, नखाखालची कातडी, कधी तोंडाच्या आतली किंवा गुदद्वाराची नाजूक त्वचा. म्हणूनच त्याला कुणी मेलॅनोमा म्हणत नाही. टाचेवर असला तर कुरूप, नखाखाली असला तर नखुरडं, गुदद्वाराशी असला तर मूळव्याध. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये हाच प्रकार सापडला. आधी तो फुटबॉल खेळताना लागलेला मार समजला गेला होता. १९८१ च्या मे महिन्यात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. जगभर गाजलेल्या माणसाच्या बाबतीत अशी गफलत होते, तर अनवाणी भात लावणाऱ्या बाईच्या टाचेकडे कोण बघणार?

पण आपण शस्त्रक्रियेनंतरचं बोलतोय. रक्ताकडे वळण्याआधी घरातली फाईल काढा. तिच्यात आजार परतण्याचा अंदाज सांगणारा सर्वांत भरवशाचा कागद आधीच आहे: काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट. त्यात 'ब्रेस्लो' या नावापुढे मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनं १९७० मध्ये दाखवून दिलं, की मेलॅनोमा कातडीत किती खोल उतरला यावर पुढचं बरंच काही ठरतं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर परतण्याची शक्यता कमी, चारच्या पुढे असेल तर बरीच. तळव्याची कातडी मुळात जाड आणि निदान उशिरा, म्हणून आपल्याकडचे आकडे मोठे असतात. दुसरी नोंद अल्सरेशनची, म्हणजे डागाचा पृष्ठभाग फुटला होता का. तिसरी जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठींची. शस्त्रक्रियेच्या वेळी निळं रंगद्रव्य आणि किंचित किरणोत्सारी द्रव टोचून ज्या गाठीकडे आजार पहिल्यांदा जाईल ती शोधून काढतात. तिला सेंटिनल नोड म्हणतात. तिच्यात पेशी सापडल्या तर आजार तिसऱ्या टप्प्यातला. या तीन गोष्टी तुमच्या रिपोर्टात नसतील, तर रक्ताची कुठलीही तपासणी विचारण्याआधी त्या विचारा. या तीन नोंदी ठाऊक नसताना महागडी रक्ततपासणी करणं म्हणजे उंबरठ्यावर दिवा न लावता माळ्यावर लावणं.

आता रक्त. इथे तीन पायऱ्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली अगदी स्वस्त. एलडीएच. काही शे रुपयांत कुठल्याही लॅबमध्ये होते. हे शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असणारं एक विकर आहे. पेशी फुटली की ते रक्तात सांडतं. मेलॅनोमा फुप्फुसात, यकृतात पसरला असेल तेव्हा हा आकडा महत्त्वाचा असतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या टप्प्यांच्या वर्गवारीत चौथ्या टप्प्याचे पोटभाग त्यावरून पाडतात. पण गाठ काढून टाकलेल्या, अंगात कुठे काही न दिसणाऱ्या माणसात आजाराची पहिली चाहूल एलडीएच देत नाही. उलट घाबरवण्याचं काम चोख करतं. मलेरिया झाला, वाढलं. यकृताचं दुखणं, वाढलं. शाकाहारी घरांत सर्रास आढळणारी बी-१२ ची कमतरता तीव्र असेल तर हा आकडा भलताच वर जातो. आणि एक कारण खास आपल्या भागातलं: गावात घेतलेलं रक्त मोटारसायकलवरून, खड्ड्यांतून हिंदकळत भिवंडीच्या किंवा वसईच्या लॅबपर्यंत जातं. वाटेत तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं एलडीएच नळीत उतरतं. रिपोर्टाखाली बारीक अक्षरात 'हिमोलाइज्ड सॅम्पल' लिहिलेलं असेल, तर तो आकडा विसरा आणि रक्त पुन्हा द्या. 'बाबा, तुमचं एलडीएच वाढलंय' असा मुलीचा व्हॉट्सॲप आल्यावर रात्रभर तळमळण्याआधी ती ओळ वाचा.

दुसरी पायरी एस-१००बी नावाच्या प्रथिनाची. जर्मनीत मेलॅनोमाच्या रुग्णांच्या फेरतपासणीत ते मोजण्याची पद्धत आहे. रंगपेशींत ते असतं, तसंच मेंदूच्या आधारपेशींतही असतं, म्हणून डोक्याला मार लागला तरी ते चढतं. आजार थोडका असेल तेव्हा बहुधा तो आकडा हलत नाही. आपल्याकडे तो फारसा वापरात नाही, पण नावामुळे एक घोटाळा नेहमी होतो. तुमच्या बायोप्सीच्या कागदावर 'एस-१०० पॉझिटिव्ह, एचएमबी-४५ पॉझिटिव्ह, मेलान-ए पॉझिटिव्ह' असं लिहिलेलं असेल. ते रक्ताबद्दल नाही. गाठीच्या कापावर रंग चढवून ती मेलॅनोमाचीच आहे हे पटवून घेण्याची ती खूण. 'पॉझिटिव्ह आहे म्हणजे अजून अंगात आहे' असा अर्थ त्यातून निघत नाही.

याच पायरीवर लॅबची पॅकेजंही येतात. 'संपूर्ण कॅन्सर तपासणी' असं लिहिलेल्या पत्रकात सीईए, सीए-१२५, सीए १९-९ अशी नावं असतात. ही आतड्याच्या, अंडाशयाच्या, स्वादुपिंडाच्या कॅन्सरशी जोडलेली द्रव्यं. मेलॅनोमाशी त्यांचा संबंध नाही. सगळी नॉर्मल आली तरी तुमच्या टाचेच्या आजाराबद्दल त्यांनी काहीही सांगितलेलं नसतं.

तिसऱ्या पायरीवर थोडं थांबायला हवं, कारण खरी नवी गोष्ट तिथे आहे.

पेशी मरते तेव्हा तिच्यातल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात मिसळतात. निरोगी माणसाच्या रक्तातही असे तुकडे असतात, मुख्यतः रक्तपेशींचेच. कॅन्सरच्या पेशी मरतात तेव्हा त्यांचेही तुकडे त्यात येतात, आणि त्यांच्यावर त्या कॅन्सरची खूण असते: डीएनएच्या अक्षरांत झालेला एखादा नेमका बदल, जो शरीरातल्या इतर पेशींत नाही. या तुकड्यांना सीटीडीएनए म्हणतात. ते रक्तात फार टिकत नाहीत, काही मिनिटांपासून दोन-अडीच तासांत निम्मे होतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी ते सापडले, तर गाठीचा जुना अवशेष म्हणता येत नाही. कुठेतरी पेशी जिवंत आहेत, वाढताहेत आणि मरताहेत. स्कॅनमध्ये दिसण्याइतकी गाठ व्हायच्या आधी.

शोधण्याची एक पद्धत मला विलक्षण वाटते. रक्तातल्या द्रवातला डीएनए यंत्रात घालून त्याचे सुमारे वीस हजार सूक्ष्म थेंब करतात, प्रत्येक थेंबात डीएनएच्या प्रती काढतात, आणि ज्या थेंबात खुणेचा तुकडा असेल तो चमकतो. वीस हजारांत दोन-चार थेंब चमकले तरी मोजता येतात. भाताच्या राशीतून एक काळा दाणा काढायचा तर रास पसरून दाणान्‌दाणा बघावा लागतो, तसंच. फक्त दाणा काळा आहे हे आधी माहीत हवं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या पद्धतीनं काय कळलं? ब्रिटनमधल्या एका चाचणीतल्या, दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या १६१ रुग्णांचं शस्त्रक्रियेनंतर बारा आठवड्यांच्या आत घेतलेलं रक्त तपासलं गेलं. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. १२ टक्क्यांच्या रक्तात तुकडे सापडले. पाच वर्षांनी त्यांच्यातले ३३ टक्के हयात होते, न सापडलेल्यांतले ६५ टक्के. मग २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन संस्थेतल्या डेव्हिड पोल्स्की आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात याहून मोठं काम मांडलं. कॉम्बी-एडी ही ८७० रुग्णांची आंतरराष्ट्रीय चाचणी. सगळे तिसऱ्या टप्प्यातले, सगळ्यांची गाठ पूर्ण काढलेली, निम्म्यांना वर्षभर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्या, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशा गोळ्या. त्यातल्या ५९७ जणांचं औषध सुरू होण्यापूर्वीचं रक्त तपासलं. सुमारे १३ टक्क्यांत तुकडे सापडले, आणि त्यांच्यातल्या दर पाचांपैकी चौघांचा आजार परतला, तोही लवकर. पुढच्या वर्षभरात दर तीन महिन्यांच्या तपासणीत ज्यांच्या रक्तात तुकडे दिसले, त्यांच्यातल्या जवळपास सगळ्यांचा.

इथवर वाचून उद्याच लॅब गाठावीशी वाटेल. आता याच आकड्यांची दुसरी बाजू बघा. १३ टक्क्यांत सापडले, म्हणजे ८७ टक्क्यांत सापडले नाहीत. ते सगळे सुटले का? नाही. औषध न मिळालेल्या गटात रक्त स्वच्छ आलेल्यांपैकीही निम्म्यांचा आजार साधारण दोन वर्षांत परतला. तिसऱ्या टप्प्याच्या आजारात एकदा दिलेलं रक्त स्वच्छ येणं याची किंमत एवढीच. सापडलं तर बोलणं गंभीर, नाही सापडलं तर पूर्वीइतकंच सावध. मेंदूत गेलेला आजार तर रक्तात विशेष कमी उमटतो, त्यामुळे डोकेदुखी, झटका, बोलण्यात अडखळणं अशा वेळी 'रक्त स्वच्छ आलं होतं' म्हणून एमआरआय टाळणं घातक.

आणि आता तो काळा दाणा. कॉम्बी-एडीतल्या प्रत्येक रुग्णाच्या गाठीत बीआरएएफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल होता; तो असल्याशिवाय चाचणीत प्रवेशच नव्हता. रक्तात शोधला तोही तोच बदल. उन्हानं होणाऱ्या, गोऱ्या कातडीवरच्या मेलॅनोमात तो जवळपास निम्म्या रुग्णांत असतो. तळव्याच्या आणि नखाखालच्या मेलॅनोमात मात्र बहुतेकांत नसतो. या भावाच्या अंगावरच्या खुणा वेगळ्या: काहींत केआयटी जनुकात बदल, काहींत एनआरएएस मध्ये, आणि बऱ्याचदा एखाद्या अक्षराचा बदल नसून गुणसूत्रांचे अख्खे तुकडेच दुप्पट-तिप्पट झालेले किंवा गळालेले. टाचेवर मेलॅनोमा झालेल्या माणसाच्या रक्तात नुसता बीआरएएफ शोधला आणि 'सापडला नाही' असा रिपोर्ट आला, तर त्याचा अर्थ बहुधा इतकाच, की जो दाणा राशीत कधी नव्हताच तो सापडला नाही. रिपोर्ट खरा असतो आणि तरी निरुपयोगी असतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त काळजी याच कागदाची वाटते, कारण तो बघून लोक फेरतपासणीला जाणं सोडू शकतात.

म्हणून क्रम असा हवा: आधी गाठीची जनुकतपासणी, मग तीत जे सापडेल त्याचा रक्तात शोध. गाठीतल्या खुणांवरून खास तुमच्यासाठी बेतलेली रक्ततपासणीही आता असते. तिचा खर्च मोठा असतो. गाठीची तपासणी मात्र एरवीही उपयोगाची आहे. बीआरएएफ असेल तर वर सांगितलेल्या गोळ्यांचा मार्ग उघडतो, केआयटी असेल आणि पुढे आजार पसरलाच तर इमॅटिनिबसारखं औषध काहींना लागू पडतं. तेव्हा हातात पैसे मोजकेच असतील, तर ते आधी तिकडे लावावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यासाठी ब्लॉक लागतो. काढलेली गाठ मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून पॅथॉलॉजी विभागात ठेवलेली असते, त्या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. काचेवरचा पातळ काप म्हणजे स्लाइड. लोक स्लाइड जपतात आणि ब्लॉक विसरतात. अर्ज केला की रुग्णालय ब्लॉक देतं. देताना रिपोर्टावरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळवून घ्या, घेतल्याची पावती ठेवा. ब्लॉक घरी आणलात तर पत्र्याच्या छपराखालच्या कपाटावर किंवा उन्हात उभ्या गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं. आणि लॅबला देताना सगळे ब्लॉक एकदम देऊ नका. एक मागे राहू द्या.

एवढं करून तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी करायची ठरवलीच, तर काही व्यवहाराच्या गोष्टी. शस्त्रक्रियेनंतर लगेच रक्त देऊ नका. जखम भरून येताना शरीराच्या स्वतःच्या पेशींचे तुकडे रक्तात वाढतात आणि त्यांच्या गर्दीत कॅन्सरचा तुकडा हरवतो. साधारण दोन ते चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. पण पुढचं औषध सुरू होण्याआधी द्यायला हवं. रक्त खास नळीत घेतात, जिच्यातलं द्रव्य पांढऱ्या पेशी फुटू देत नाही. साध्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलं तर काही तासांत द्रव वेगळा करावा लागतो, आणि अंबाडी-शिरसाड रस्त्यानं ते जमेलच असं नाही. रक्त घ्यायला घरी येणाऱ्या मुलाला 'कुठली नळी?' हे विचारा, संकोच करू नका. आणि एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीनं, ठरावीक अंतरानं पुन्हा करणार असाल तरच त्याला अर्थ आहे. एकदाच काढलेला फोटो आणि चालू असलेलं चित्रण यात जो फरक, तो इथे आहे.

सुई टोचण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: सापडलं तर तुम्ही वेगळं काय कराल? उत्तर असं असू शकतं: स्कॅन लवकर करू, पेट स्कॅन करू, फेरतपासणी तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांनी, किंवा तुम्ही जे औषध नको म्हणत होता त्याचा पुन्हा विचार करू. ही सगळी योग्य उत्तरं. उत्तर 'काहीच नाही' असेल, तर तपासणीनं तुमची झोप जाईल, दुसरं काही नाही. रक्तावरून उपचार बदलले तर माणूस जास्त जगतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. ब्रिटनमध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन 'डिटेक्शन' नावाची चाचणी हाती घेतली गेली. म्हणून रक्त स्वच्छ आलं या कारणानं, डॉक्टरांनी सांगितलेलं निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅबचं इंजेक्शन स्वतःच्या मनानं बंद करू नका. सलाइनमागचा खर्च बघून तो मोह होतो हे मला कळतं. खर्चाचं बोलणं डॉक्टरांशी सरळ करा, ते रिपोर्टाच्या आडून नको.

रक्ताइतकीच, काही बाबतीत रक्ताहून चांगली, तपासणी घरात फुकट होते. मेलॅनोमा बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो आणि पुष्कळदा जवळच परततो: व्रणाच्या कडेला, व्रणापासून जांघेपर्यंतच्या वाटेवर कातडीखाली, किंवा जांघेतल्या गाठीत. डोळ्यांना दिसेल, बोटांना लागेल अशा जागी. महिन्यातून एक दिवस ठरवा. आमच्याकडे संकष्टी सोयीची पडते. चंद्रोदयाची वाट बघत बसायचंच असतं, तेवढ्यात पाय बघून होतात. उजेडात बसा. व्रणावर नवा काळा किंवा निळसर ठिपका आहे का बघा. लालसर गाठीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही, कारण हा आजार कधी कधी रंग न घेताच येतो. मग पोटरीपासून मांडीच्या आतल्या बाजूनं वर जांघेपर्यंत बोटांची टोकं फिरवा. तळवा वाकून बघता येत नसेल तर आरसा किंवा मोबाईल, नाहीतर घरातलं कुणी. दुसरा पायही सोडू नका.

जांघेत गाठ लागली, तर आपल्या गावांत एक शब्द लगेच तयार असतो: अवधाण आलं. पायाला काटा लागला, चिखल्या चिघळल्या, की जांघेत दुखरी गाठ येते, आठ-दहा दिवसांत बसते. ते अवधाण खरंच असतं, त्यात खोटं काही नाही. पण ज्याच्या पायाचा मेलॅनोमा काढलाय त्याच्यासाठी नियम वेगळा. गाठ दुखत नसेल, कडक असेल, आणि दोन आठवड्यांत कमी झाली नसेल, तर बिब्बा, लेप, शेक काही नको. थेट ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे. तिथे सोनोग्राफी करून सुईनं पेशी काढतात, आणि त्या सुईचा शब्द कुठल्याही रक्ततपासणीच्या वरचा. डॉक्टरांकडची फेरतपासणी पहिली दोन-तीन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी असते. जांघ न चाचपता नुसती फाईल बघून परत पाठवलं, तर 'डॉक्टर, जांघ बघता का?' असं म्हणा. त्यात उद्धटपणा काही नाही.

घरातल्या इतरांच्या तळव्यांबद्दल थोडं. सावळ्या माणसांच्या तळव्यांवर फिकट तपकिरी ठिपके पुष्कळदा असतात. दोन्ही पायांवर, बरेच, वर्षानुवर्षं तसेच, तर बहुधा निरुपद्रवी. एकटा, नवा, पसरत जाणारा, कडा विस्कटलेला डाग असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून बघतात: तळव्यावर बोटांच्या ठशासारख्या रेघा असतात, रंग त्या रेघांच्या खाचांत बसला असेल तर दिलासा, उंचवट्यांवर बसला असेल तर बायोप्सी. कॉर्न कॅप लावून, ब्लेडनं तासून किंवा कुणाकडून डागून घेऊन तो डाग घालवू नका. डागलेल्या कातडीतून ब्रेस्लोचा आकडा निघत नाही, आणि मग वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टींचा पायाच जातो.

प्रवासाचं आणि पैशाचं थोडक्यात. वज्रेश्वरीहून परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय म्हणजे वसईपर्यंत एसटी आणि पुढे लोकल. पाय शस्त्रक्रियेचा असताना ही यातायात जीव काढते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना प्रवास करता येतो, ओळखपत्र आणि रुग्णालयाचा कागद जवळ ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला शस्त्रक्रियेबद्दल वेगळं आणि औषधांबद्दल वेगळं विचारा. बाहेरच्या लॅबमधली जनुकतपासणी किंवा रक्ततपासणी त्यात धरली जाईल असं गृहीत धरून सही करू नका.

राहिलं कुंड. शस्त्रक्रियेनंतर देवीला जायचं नसेल तरच नवल, आणि जायला हरकत काहीच नाही. इथल्या गरम पाण्याबद्दल अशी कथा सांगतात, की ते देवीनं मारलेल्या दैत्यांचं रक्त आहे. कथेतल्या त्या रक्तानं खरजेची खाज शमत असेल. मेलॅनोमावर त्याचा परिणाम नाही, आणि शस्त्रक्रिया झालेल्या पायाला ते अपाय मात्र करू शकतं. टाचेचा तुकडा काढून तिथे मांडीची कातडी लावलेली असते. त्या कातडीला स्पर्श नीट कळत नाही. पाणी कोमट आहे की भाजणारं, हे तिला समजेपर्यंत फोड आलेला असतो, आणि तळव्यावरचा फोड भरायला महिने लागतात. मधुमेह असेल तर आणखी. जांघेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या पायातला द्रव वर चढायला आधीच अडचण असते. गरम पाण्यानं पाय फुगतो आणि मग उतरत नाही. तेव्हा कडेला बसा, शस्त्रक्रियेचा पाय सुक्या पायरीवर लांब करून ठेवा, लोट्यातल्या पाण्यात आधी कोपर बुडवून बघा, आणि मग ते दुसऱ्या पायावर घ्या.